नदीच्या घळींतील सहल

सुटी जवळ आली कीं, शाळेंत एक प्रश्न निघतो आणि घरीं दुसरा. शाळेंत मुलें विचारतात, "यंदा सहल कोठें?" आणि घरीं आईबाप विचारतात, "पाण्याजवळ तर जाणार नाहीं ना?" दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. आमच्या पठारावरील मुलांस नदीच्या दऱ्यांचें व घळींचें मोठें आकर्षण असतें. गड चढण्यापेक्षां घळींत उतरणें त्यांस अधिक अद्भुत वाटतें. उलट पक्षीं, प्रत्येक पावसाळ्यांत कोणी ना कोणी वाहून गेल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते व ती वाचून पालकांच्या काळजांत धस्स होतें. या दोन प्रश्नांचा मेळ कसा घालावा, याविषयीं आमचें मत येथें मोकळेपणानें मांडण्याचा विचार आहे.

थोडक्यांत सांगावयाचें तर, मुलांस नदीच्या घळी अवश्य दाखवाव्या असें आम्हांस वाटतें. मात्र त्या योग्य ऋतूंत, जाणत्या माणसांच्या सोबतीनें, आणि पाण्याचा स्वभाव आधीं समजावून सांगून दाखवाव्या. नुसत्या मनाईनें संकट टळत नाहीं, आणि नुसत्या उत्साहानें तें अंगावर ओढवून घेतलें जातें. या दोहोंमधली वाट शिकविणें हें शाळेचें व घराचें समाईक काम आहे.

प्रथम लाभाचा विचार करूं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील पारनेर तालुक्यांत निघोज म्हणून गांव आहे. त्या गांवाजवळ कुकडी नदीनें आपल्या पात्रांतील काळा पाषाण असा कांहीं कोरला आहे कीं, प्रथम पाहणाऱ्यास तें मनुष्याच्या हातचें काम वाटावें. मोठमोठे रांजण जमिनींत पुरून ठेवावे तसे खळगे या पाषाणांत जागोजाग पडले आहेत, म्हणून लोक त्यांस रांजणखळगे म्हणतात. हे झाले कसे? पुराबरोबर वाहत आलेला एखादा गोटा पात्रांतल्या लहानशा खांचेंत अडकतो. पाण्याचा भोंवरा त्यास तेथल्या तेथें गरगर फिरवितो. गोटा स्वतः झिजतो व खांचही झिजवितो. एक गोटा झिजून संपला कीं दुसरा येतो. हें दळण हजारों वर्षें चाललें, तेव्हां हे रांजण तयार झाले. शेजारचे दोन रांजण वाढतां वाढतां एकमेकांस भिडतात, मधली भिंत ढांसळते, आणि नदीस खोल, अरुंद मार्ग सांपडतो. भूगोलाच्या पुस्तकांत नदीच्या कार्याविषयीं ज्या दहा ओळी मुलें पाठ करतात, त्या येथें हातानें चांचपून पाहतां येतात. आमच्या आठवीच्या एका विद्यार्थ्यानें कोरड्या खळग्याच्या तळाशीं हात घालून तीन गुळगुळीत गोटे बाहेर काढले आणि म्हटलें, "सर, हींच तीं हत्यारें!" हें वाक्य त्यास कोणीं पढविलें नव्हतें.

दुसरें ठिकाण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोलें तालुक्यांतील साम्रद गांवाजवळ आहे. त्यास सांदण दरी म्हणतात. सह्याद्रीच्या ऐन कण्यावर, रतनगडाच्या शेजारीं, जमीन जणूं उभी चिरली आहे. दोन्ही बाजूंस दोनशें फुटांच्या आसपास उंचीच्या कातळाच्या भिंती, कोठें कोठें दोन हात पसरले तर दोहों भिंतींस टेंकतील इतकी अरुंद जागा, पायांखालीं लहानमोठ्या धोंड्यांचा खच, आणि डोक्यावर आकाशाची एक निळी पट्टी, असें तेथील दृश्य आहे. बरेंच अंतर चालून गेल्यावर ही दरी कोंकणच्या बाजूस उघडते. भिंतींकडे नीट पाहिलें तर दगडाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला व थंड होऊन थिजला, त्याचेच हे थर होत. कातळास जेथें तडा गेला होता, तेथें पाण्यानें शिरकाव केला व तो तडा हळूहळू खोल केला.

या प्रदेशांत आणखी एक गोष्ट मुलांस दाखविण्याजोगी आहे. रतनगडाच्या पूर्वेकडील अंगावर पडलेला पाऊस प्रवरा नदींत जातो. १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांत कांहीं काळ विसावतो. पुढें गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरापर्यंत प्रवास करतो. त्याच ढगांतून सांदण दरींत पडलेला पाऊस मात्र पश्चिमेस कोसळून, कोंकणांतून अरबी समुद्रास मिळतो. एका डोंगरावर उभें राहून दोन समुद्रांकडे जाणाऱ्या वाटा दाखवितां याव्या, हें भाग्य आमच्या जिल्ह्यास लाभलें आहे. सृष्टिकर्त्याची ही कारागिरी चार भिंतींच्या आंत बसून फळ्यावर खडूनें काढून दाखवितां येत नाहीं.

आतां या दरींतीलच एक लहानशी हकीकत सांगतों. गेल्या हिवाळ्यांत आमची एक तुकडी तेथें उतरली होती. सोबत साम्रद गांवचा एक प्रौढ वाटाड्या होता. मुलें म्हणूं लागलीं, "काका, येथें तर पाऊल बुडण्याइतकेंही पाणी नाहीं. लोक उगाच भितात." वाटाड्यानें उत्तर न देतां हातांतली काठी उंच करून भिंतीकडे दाखविली. काठीच्या टोंकाच्याही पुष्कळ वर, कातळाच्या एका फटींत, वाळलेलें गवत, पाचोळा आणि एक मोडकी फांदी अडकून बसली होती. "हे तिथं कोणी ठेवलं, पोरांनो?" त्यानें विचारलें. मुलें वर पाहत राहिलीं. मग तोच म्हणाला, "पावसाळ्यात पाणी तिथवर असतं. पाणी गेलं, खूण राहिली."

पुढें दुसरा डोह लागला. वाटाड्यानें काठीनें ठाव घेतला, तों पाणी लहान मुलांच्या छातीपर्यंत भरलें. हिवाळ्यांतलें तें गार पाणी व तळाचे निसरडे धोंडे पाहून आम्हीं तेथूनच परतण्याचें ठरविलें. मुलांचे चेहरे उतरले. पलीकडे कोंकणचा देखावा कांहीं अंतरावर होता, आणि पाण्यांतून पार होणारी एक परकी टोळी आमच्या देखत हंसत खिदळत पुढें गेली. परततांना एका मुलानें विचारलें, "सर, असें परत फिरायचें असेल तर धाडस कशाला म्हणावें?" त्या वेळीं आम्हांस त्यास नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करतों.

दऱ्यांच्या प्रवासाचा इतिहास पाहतां सर्वांत मोठें धाडस कोणाचें, असें कोणीं विचारलें तर आम्ही अमेरिकेंतील जॉन वेस्ली पॉवेल याचें नांव घेऊं. कोलोरॅडो नदीची ग्रँड कॅनियन ही दरी सुमारें ४४६ किलोमीटर लांब व दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. १८६९ सालच्या मे महिन्यांत पॉवेल चार होड्या व नऊ सोबती घेऊन निघाला आणि ऑगस्टच्या अखेरीस या दरींतून पार झाला. १८६२ सालच्या लढाईंत त्याचा उजवा हात गेलेला होता. नदीच्या या भागाचा विश्वसनीय नकाशा त्याच्यापाशीं नव्हता. इतकें ऐकून मुलांच्या डोळ्यांपुढें होड्या सुसाट सोडणारा बेफाम वीर उभा राहतो. वस्तुस्थिति निराळी आहे. पुढें पाण्याची गर्जना ऐकूं आली कीं, पॉवेल होड्या कांठाला लावी, खडकावर चढून पुढचें पाणी न्याहाळी, आणि तें पार होण्याजोगें नसेल तर होड्या दोरांनीं कांठाकांठानें खालीं सोडी किंवा माणसांकडून जमिनीवरून वाहून नेववी. या कामांत दिवसचे दिवस जात. एकदां कांठास लागण्याचा इशारा मागल्या होडीस वेळेवर समजला नाहीं; ती होडी फुटली व तींतील अन्नसामुग्री नदींत गेली. दहा जण निघाले, त्यांपैकीं सहाच शेवटपर्यंत पोहोंचले. एक जण आरंभींच सोडून गेला होता, आणि अखेरच्या दिवसांत तिघे जण कंटाळून दरी चढून निघून गेले, ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. इतका सावध नायक असतांही ही किंमत पडली. मग ज्यास पाहण्याचाही धीर नाहीं, त्याच्या उडीस आम्ही धाडस कसें म्हणावें?

आमच्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर हें कीं, धाडसाचा पहिला भाग म्हणजे थांबून पाहणें. पाहून झाल्यावर पुढें जावें कीं मागें फिरावें, हें पाणी ठरवितें. आपली हौस ठरवीत नाहीं. आणि सोबत्यांच्या हंसण्यापुढें मागें फिरण्यास जें मनोबळ लागतें, तें डोहांत उडी टाकण्यास लागणाऱ्या बळाहून कमी नाहीं.

घळींतील पाण्याविषयीं एवढा जपून विचार कां करावा, हेंही समजून घेतलें पाहिजे. मोकळ्या मैदानांत पाणी वाढलें तर तें पसरतें. अरुंद घळींत त्यास पसरावयास जागा नसते, म्हणून तें वर चढतें व वेगानें धांवतें. शिवाय घळींत उभा असलेल्या मनुष्यास आकाश अगदीं थोडें दिसतें. वरच्या डोंगरावर पाऊस कोसळत असला तरी खालीं ऊन असूं शकतें. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांत अँटिलोप कॅनियन म्हणून अशीच एक चिंचोळी घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं तेथें कांहीं मैलांवर झालेल्या वादळी पावसाचें पाणी एकाएकीं आलें व अकरा प्रवासी प्राणांस मुकले. घळीपाशीं स्वतः पाऊस जवळजवळ नव्हताच. त्यानंतर तेथें लोखंडी शिड्या पक्क्या बसविण्यांत आल्या, आणि वाटाड्याच्या सोबतीशिवाय आंत जातां येत नाहीं. आमच्या महाराष्ट्रांतही ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या प्रवाहांत एकाच कुटुंबांतील पांच जण पाहतां पाहतां वाहून गेले. ते कोणी पोहण्याची पैज लावून गेले नव्हते. सुटीच्या दिवशीं मुलाबाळांसह पाण्याची मौज पाहण्यास गेले होते. पाणी चढलें तेव्हां ते एकमेकांस घट्ट धरून उभे होते, परंतु परतीची वाट त्या वेळीं उरली नव्हती.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला आमच्या मुलांनीं प्रार्थनेच्या तासाला अनेकदां ऐकला आहे. त्यांतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. पूर येण्यापूर्वीं वाळूवरचें घरही खडकावरच्या घराइतकेंच भक्कम दिसत असलें पाहिजे. कोरडी घळ अशीच आहे. ती कोरडी आहे तोंवर तिच्यांत कांहींच भय दिसत नाहीं. भय पाहावयाचें तर मान वर करून फटींत अडकलेलें गवत पाहावें लागतें.

इतकें वाचून एखादा पालक म्हणेल, "मग मुलांस पाठवूंच नये, हेंच बरें." येथें आम्हांस आमचीच एक चूक कबूल करावयाची आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका अपघाताची बातमी वाचून, आम्हां शिक्षकांच्या सभेनें त्या वर्षींची नदीकांठची सहल रद्द केली. रद्द करण्याच्या बाजूनें मत देणाऱ्यांत आम्हीही होतों. निर्णय जाहीर करतांना आम्हीं मुलांस कारण समजावून सांगितलें नाहीं, व पाण्याशीं कसें वागावें हेंही सांगितलें नाहीं. पुढच्याच रविवारीं चार मुलें "मित्राकडे अभ्यासास जातों" असें घरीं सांगून सायकलींवरून नदीवर गेलीं. एक जण शेवाळलेल्या कातळावरून डोहांत घसरला. त्यास पोहतां येत होतें. परंतु कांठ इतका गुळगुळीत कीं, धरावयास कोठें बोट रुतेना. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानें आपली काठी पुढें केली, म्हणून तो मुलगा आज आम्हांस रस्त्यांत भेटतो व नमस्कार करतो. त्या म्हाताऱ्याचें नांवही घाईंत कोणीं विचारलें नाहीं. आपला मुलगा त्या घटकेस कोठें आहे, हें त्याच्या आईस ठाऊक नव्हतें. ही गोष्ट आठवली कीं अजूनही आमचें मन चरकतें. सहल रद्द करून आम्हीं मुलांस नदीपासून दूर ठेवलें नव्हतें; आम्हीं केवळ स्वतःस त्यांच्यापासून दूर ठेवलें होतें.

याचा अर्थ मनाई मुळींच नसावी असा कोणीं करूं नये. पावसाळ्यांत कित्येक धबधब्यांकडे व दऱ्यांकडे जाण्यास सरकारी अधिकारी बंदी घालतात. ती पाळलीच पाहिजे. तींत सवलत मागणें हा शुद्ध अविचार होय. आमचा आक्षेप आहे तो कारणावांचून केलेल्या मनाईस. ज्या मुलास "जाऊं नको" एवढेंच सांगितलें, तो संधि मिळतांच जातो. ज्यास "कां जाऊं नये व केव्हां जावें" हें सांगितलें, तो पुष्कळदां आपल्या सोबत्यांसही थांबवितो.

यास्तव सहलीस निघण्यापूर्वीं शाळेनें व घरानें मिळून मुलांकडून कांहीं नियम समजून घेववावे, अशी आमची सूचना आहे. घळींत उतरावयाचें तें पावसाळा सरून पाणी ओसरल्यावर. आणि चैत्र-वैशाखांतही आभाळ भरून आलें तर त्या दिवशींचा बेत सोडून द्यावा, कारण वळवाचा पाऊस सांगून येत नाहीं. उतरण्यापूर्वीं जवळच्या गांवीं विचारावें; त्या दरीचा स्वभाव गांवकऱ्यांइतका कोणास माहीत नसतो. वाटाड्यास योग्य मोबदला द्यावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. कोठें जातों व कितीला परततों, हें घरीं सांगावें. दरीच्या पोटांत मोबाईल फोन बहुधा चालत नाहीं, त्यावर भरंवसा ठेवूं नये. खोलीचा ठाव घेतल्याशिवाय पाण्यांत पाय घालूं नये, व वाहत्या पाण्यांत छायाचित्रासाठीं उभें राहूं नये. वरून दगड निसटतात, म्हणून कड्याच्या अगदीं बुडाशीं बसूं नये, आणि वर असणाऱ्यांनीं खालीं एक खडाही टाकूं नये. वाहतें पाणी एकाएकीं गढूळ झालें, त्यावर पालापाचोळा तरंगूं लागला किंवा वरच्या बाजूनें घरघर ऐकूं आली, तर सामान तेथेंच टाकून उंच जागीं चढावें. आणि शेवटचें, तेथें नेलेला कागद वा बाटली तेथें ठेवून येऊं नये. नदीनें लाखों वर्षें घासून स्वच्छ केलेलें घर आपण एका दुपारींत घाण करावें, हें सुशिक्षितास शोभत नाहीं.

पालकांस आणखी एक विनंती आहे. हीं सर्व पथ्यें पाळून सहल निघत असेल, तर मुलग्यास पाठवून मुलीस घरीं ठेवूं नका. पाण्याचा स्वभाव दोघांसही सारखाच कळला पाहिजे. उद्यां आपल्या लेकरांचा हात धरून प्रवाहाच्या कांठीं उभी राहणारी आई तीच असणार आहे. पाऊल केव्हां मागें घ्यावें, हें तिला आजच शिकूं द्या.

सांदण दरींतून परतलेल्या तुकडींतील मुलांस आम्हीं शाळेंत निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनीं कड्यांचें व आकाशाच्या निळ्या पट्टीचें वर्णन केलें. ज्यानें धाडसाविषयीं प्रश्न विचारला होता, त्याच्या निबंधांत मात्र डोहाचें किंवा कोंकणच्या देखाव्याचें नांव नव्हतें. त्यानें काठीच्या टोंकाच्या वर अडकलेल्या गवताविषयीं पानभर लिहिलें होतें, आणि पुढल्या वर्षीं धाकट्या भावास तें दाखविण्यास नेणार असल्याचें शेवटीं म्हटलें होतें. त्याच्या वडिलांनीं अद्याप परवानगी दिलेली नाहीं. हा लेख त्यांच्या वाचनांत येईल अशी आम्हांस आशा आहे.